ऑरगॅनिक घरी येतं, पेपरात जातं: क्लासशिवाय ‘नीट’ (मेडिकल-डेंटलची प्रवेश परीक्षा) देणाऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारीवर

“ताई, चॅप्टर झालाय, नोट्स काढल्यात, पण मॉकमध्ये ऑरगॅनिकचे निम्मे प्रश्न चुकतात. घरी येऊन पुस्तक उघडलं की सगळं आठवतं. पुढच्या मॉकला परत तेच.”

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी रविवारी बसते. एमपीएससीवाल्यांच्या गर्दीत कोपऱ्यातली काही टेबलं नीटवाल्यांची असतात. त्यातली बरीच पोरं बीडीएससाठी, म्हणजे डेंटलच्या पदवीसाठी, वर्षभर ड्रॉप घेतलेली, क्लास न लावलेली. तक्रार सगळ्यांची एकच, ऑरगॅनिक केमिस्ट्रीची, आणि निदानही प्रत्येकाने येतानाच करून आणलेलं असतं: “माझं पाठांतर कच्चं आहे.” मग उपाय काय, तर पुन्हा घोकंपट्टी. महिनाभराने तोच मुलगा, तसाच पेपर.

मी दातांची डॉक्टर आहे. पेशंट खालच्या दाढेवर बोट ठेवतो आणि कीड वरच्या दाढेत निघते, हे आमच्याकडे नेहमीचं. ऑरगॅनिकमध्येही दुखतं ते पाठांतर, कीड मात्र बहुतेक वेळा दुसरीकडे असते. ती कुठे आहे ते आधी बघू.

आधी तपासणी

शेवटच्या तीन-चार मॉकमधले ऑरगॅनिकचे चुकलेले आणि सोडून दिलेले प्रश्न एका वहीत उतरवा. तुक्का लागून बरोबर आलेलेही घ्या, ते लपवण्यात तुमचंच नुकसान आहे. उत्तरं लिहू नका. आता घड्याळ न लावता ते पुन्हा सोडवा आणि प्रत्येकापुढे एक खूण करा. निवांत बसल्यावर सुटला, तर अडचण वेगाची किंवा घाईने वाचण्याची. पुस्तकातली रिअ‍ॅक्शन बघितल्यावर सुटला, तर अडचण खरोखर आठवणीची. रिअ‍ॅक्शन समोर ठेवूनही सुटला नाही, किंवा उत्तर वाचूनही “हेच का?” ते सांगता आलं नाही, तर पाठांतराचा काही संबंध नाही. मी पाहिलेल्या वह्यांमध्ये या शेवटच्या खुणा सगळ्यात जास्त असतात, आणि त्या बघून पोरांना धक्का बसतो.

हे एवढं कशासाठी? डेंटलला वेगळा पेपर नाही. एमबीबीएसवाल्यांबरोबर तोच पेपर, त्याच मेरिट लिस्टमधून जागा. १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यात केमिस्ट्रीचे ४५. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक, म्हणजे येत असलेला प्रश्न चुकवला की फरक पाच मार्कांचा. २०२१ ते २०२४ या वर्षांत प्रत्येक विषयात सेक्शन बी होता, त्यातल्या १५ पैकी कोणतेही १० सोडवायचे. नको तो ऑरगॅनिकचा प्रश्न तिथे गाळता यायचा. २०२५ च्या पेपरात ती सोय गेली, १८० च्या १८० समोर आले. “ऑरगॅनिक ऑप्शनला टाकतो” हा मोठ्या भावंडांचा सल्ला तेव्हाचा आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी डेंटलच्या जागा मोजक्या, आणि खासगी कॉलेजची फी बघून आई-वडील गप्प होतात. तिथे हे पाच-पाच मार्क महाग पडतात.

कीड पहिली: अकरावी

शेवटच्या प्रकारच्या खुणा जास्त असतील तर बारावीची पुस्तकं सरळ मिटून ठेवा. दोष अकरावीत आहे. त्याला कारणही साधं आहे. अकरावीचे प्रवेश फेऱ्याफेऱ्यांनी रेंगाळतात, कॉलेज उशिरा सुरू होतं, आणि ऑरगॅनिक पुस्तकाच्या शेवटी येतं. एनसीईआरटीच्या सध्याच्या पुस्तकात नऊ युनिटांपैकी शेवटची दोन, बोर्डाच्या पुस्तकातही सोळापैकी चौदावा आणि पंधरावा धडा. म्हणजे फेब्रुवारीत, उरकून. मग बारावीच्या पाच धड्यांत ज्या कारणांवर सगळं उभं आहे, ती कारणं कुणी नीट शिकलेलीच नसतात.

स्वतःला तपासायला एक प्रश्न देते. इथॅनॉल, फिनॉल, पॅरा-क्रेसॉल, मेटा-नायट्रोफिनॉल, पॅरा-नायट्रोफिनॉल यांना आम्लतेच्या क्रमाने लावा. पुस्तकातले पीकेए अनुक्रमे १५.९, १०.०, १०.२, ८.३ आणि ७.१ आहेत. पीकेए जितका कमी तितकं आम्ल तीव्र, म्हणजे सगळ्यात पुढे पॅरा-नायट्रो आणि सगळ्यात मागे इथॅनॉल. क्रम बहुतेकांना येतो. आता मी विचारते की मेटा-नायट्रो पॅराच्या मागे का? नायट्रो गट तोच, रिंग तीच. इथे शांतता पसरते. पॅरा जागेवरून नायट्रो गट फिनॉक्साइडचा ऋण प्रभार रेझोनन्सने स्वतःकडे ओढून घेऊ शकतो. मेटा जागेवर रेझोनन्स पोचत नाही, फक्त इंडक्टिव्ह ओढ उरते. हे कागदावर बाण काढून (इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात ते) दाखवता आलं तर फिनॉल, बेंझोइक आम्ल आणि अ‍ॅनिलिन या तिन्हींचे क्रम एकाच हिशोबात सुटतात. नाही आलं तर तिन्ही वेगवेगळे पाठ करावे लागतात आणि पेपरात एकमेकांत मिसळतात.

दुसरी तपासणी कार्बोकॅटायनची, म्हणजे धन प्रभार आलेल्या कार्बनची. ३-मिथिलब्युटान-२-ऑलवर एचबीआर (HBr). बहुतेक जण ओएच काढून तिथेच ब्रोमिन बसवतात आणि २-ब्रोमो-३-मिथिलब्युटेनवर टिक करतात. तो पर्याय पेपर काढणाऱ्याने त्यांच्यासाठीच ठेवलेला असतो. पाणी निघून गेल्यावर दुसऱ्या कार्बनवर सेकंडरी कॅटायन तयार होतो. शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आपले दोन इलेक्ट्रॉन घेऊन इकडे सरकतो आणि धन प्रभार तिकडे, टर्शरी कार्बनवर जातो. ब्रोमिन तिथे बसतो: २-ब्रोमो-२-मिथिलब्युटेन. नियम एवढाच की कॅटायन तयार होताना दिसला की पेन थांबवायचं आणि शेजारी बघायचं, याहून स्थिर जागा आहे का.

दोन आठवडे फक्त एवढंच करा: इंडक्टिव्ह, रेझोनन्स, हायपरकॉन्जुगेशन, कॅटायन-अ‍ॅनायन-रॅडिकलची स्थिरता. वाचू नका, काढा. पेन्सिल घ्या, कारण बाण खोडावे लागतात. व्हिडिओ बघत असाल तर सरांनी बाण काढायच्या आधी पॉज करून स्वतः काढा. दीडपट वेगाने बघितलेलं लेक्चर समजल्यासारखं फार वाटतं.

सगळंच कारणाने सुटतं असं मात्र मी म्हणणार नाही. पाण्यात मिथिल अमाइन्सचा क्षारतेचा क्रम (जास्तीकडून कमीकडे) डाय, मोनो, ट्राय. इथिल अमाइन्सचा डाय, ट्राय, मोनो. यामागे इंडक्टिव्ह परिणाम, पाण्याने दिलेली स्थिरता आणि गटांची अडचण अशी तिघांची ओढाताण आहे आणि कोण किती जिंकतं ते पेपरात बसून काढता येत नाही. हे दोन क्रम सरळ पाठ करा. कारण विचारणारं कोणी भेटलं तर सांगा, डॉक्टरताईंनी सूट दिली आहे.

कीड दुसरी: रिअ‍ॅक्शन एकाच बाजूने येते

एका मुलीच्या नोट्स इतक्या सुरेख होत्या की बघत राहावं. नावाच्या रिअ‍ॅक्शन्स जांभळ्या, रिएजंट हिरवे, प्रॉडक्टला चौकट. विल्यमसन सिंथेसिस तिने न अडखळता म्हणून दाखवली: अल्किल हॅलाइड अधिक सोडियम अल्कॉक्साइड, मिळतो ईथर. पेपरातला प्रश्न होता, टर्शरी ब्युटिल मिथिल ईथर बनवायला कोणती जोडी घ्याल? तिने २-ब्रोमो-२-मिथिलप्रोपेन आणि सोडियम मेथॉक्साइड निवडलं. व्याख्येत बसतं की.

तिला म्हटलं, “ही रिअ‍ॅक्शन कोणत्या मार्गाने जाते?” “एसएन२.” “एसएन२ मध्ये, म्हणजे एकाच टप्प्यात गट बदलतो तेव्हा, न्यूक्लिओफाइल (इथे मेथॉक्साइड) कुठून येतो?” “मागून.” “मग या कार्बनच्या मागे जागा आहे का, काढून बघ.” तिने तीन मिथिल गट काढले आणि स्वतःच हसली. टर्शरी कार्बनपर्यंत मेथॉक्साइड पोचत नाही. तो तीव्र बेस आहे, म्हणून कडेचा हायड्रोजन ओढतो आणि ईथरऐवजी २-मिथिलप्रोपीन मिळतं. बरोबर जोडी उलटी: मोठा गट अल्कॉक्साइडकडे, लहान गट हॅलाइडकडे. सोडियम टर्शरी ब्युटॉक्साइड आणि ब्रोमोमिथेन.

आता हाच ईथर एचआयने (HI) तोडा. इथे उलटं होतं. टर्शरी ब्युटिल कॅटायन स्थिर, त्यामुळे तुटणं एसएन१ ने (आधी कॅटायन, मग आयोडाइड), आणि मिळतं टर्शरी ब्युटिल आयोडाइड अधिक मिथॅनॉल. अ‍ॅनिसॉल (बेंझिन रिंगवरचा मिथिल ईथर) घेतलं तर फिनॉल आणि मिथिल आयोडाइड, कारण रिंगला जोडलेल्या ऑक्सिजनच्या बंधात थोडा डबल बॉण्डचा अंश आलेला असतो, तो तुटत नाही. बनवताना एक विचार, तोडताना दुसरा. “ईथर अधिक एचआय” अशी एक ओळ पाठ करून हे कधीच येणार नाही.

उपाय सोपा आहे, कंटाळवाणा आहे. रोज रात्री त्या दिवसाच्या नोट्समधली डावी बाजू हाताने झाका आणि फक्त प्रॉडक्टवरून मागे जा: हे कशाकशापासून बनू शकतं, त्यातला कोणता मार्ग चालणार नाही? दुसऱ्या रात्री बाण झाका. दोन्ही उलट्या चालींनी आलेली रिअ‍ॅक्शन सहसा उडत नाही.

ओळखा-पाहू प्रकारचे प्रश्न यानेच सुटतात. एक करून बघू. पाच कार्बन, दहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. २,४-डीएनपीला अवक्षेप येतो, टॉलन्सला काही होत नाही, आयोडोफॉर्म चाचणीला पिवळा अवक्षेप. डीएनपी म्हणजे कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा डबल बॉण्ड). टॉलन्स नाही म्हणजे अल्डिहाइड नाही, कीटोन. पाच कार्बनचे असे कीटोन तीनच: पेंटान-२-ओन, पेंटान-३-ओन, ३-मिथिलब्युटान-२-ओन. आयोडोफॉर्मला कार्बोनिलला चिकटलेला मिथिल गट हवा, मधला गेला. उरले दोन. पुढची ओळ सांगते की कीटोनचं रिडक्शन करून, आम्लाने पाणी काढून मिळालेल्या मुख्य अल्कीनच्या ओझोनोलिसिसमधून अ‍ॅसिटोन आणि इथॅनल मिळतं. हे दोन तुकडे ऑक्सिजन काढून जोडा: २-मिथिलब्युट-२-ईन. ते कोणत्या अल्कोहोलपासून? ३-मिथिलब्युटान-२-ऑल, वर एचबीआरबरोबर भेटला तोच. म्हणजे मूळ कीटोन ३-मिथिलब्युटान-२-ओन. पेंटान-२-ओन असतं तर शेवटी इथॅनल आणि प्रोपॅनल मिळालं असतं.

बाणावरचं वाचलंच जात नाही

“निवांत बसल्यावर सुटला” ही खूण जास्त असणाऱ्यांनी इथे थांबा. डावीकडचा रेणू बघितला, उजवीकडचे पर्याय बघितले, मधल्या बाणावर काय लिहिलंय ते नजरेतून गेलं. इथॅनॉल आणि संहत सल्फ्युरिक आम्ल: ४४३ केल्विनला इथीन, ४१३ ला ईथर. पोटॅश पाण्यातलं असेल तर हॅलाइडचं अल्कोहोल, अल्कोहोलातलं असेल तर अल्कीन. फिनॉलवर ब्रोमिनचं पाणी घातलं तर तीन ब्रोमिन आणि पांढरा अवक्षेप. कार्बन डायसल्फाइडमध्ये, थंडीत केलं तर एकच. टोल्युइन आणि क्लोरिन उजेडात असेल तर साखळीवर, लोखंड असेल तर रिंगवर. पेरॉक्साइडचा उलटा नियम फक्त एचबीआरला. एचसीएल आणि एचआयला नाही, तरी तो पर्याय दर वर्षी कुणीतरी टिक करतंच.

सोडियम हायड्रॉक्साइड सगळ्यात जास्त फसवतं. विरल आणि अल्फा हायड्रोजन (कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवरचा) असेल तर अल्डॉल. संहत आणि अल्फा हायड्रोजन नसेल तर कॅनिझारो. बेंझाल्डिहाइड दिसलं की मुलं डोळे मिटून कॅनिझारो लिहितात; पण सोबत अ‍ॅसिटोफिनोन असेल तर त्याच्याकडे अल्फा हायड्रोजन आहे, आणि विरल अल्कलीत दोघांचं क्रॉस अल्डॉल होतं. पेपरात दोन्ही रेणू छापलेले असतात. वाचणाऱ्याने एकच वाचलेला असतो.

यासाठी रिअ‍ॅक्शनची वही बाजूला ठेवून रिएजंटची वही करा. एका पानावर एक रिएजंट, त्याखाली तो कशाला हात लावतो आणि कशाला लावत नाही. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. सोडियम बोरोहायड्राइड अल्डिहाइड-कीटोनला लावतं, कार्बोक्झिलिक आम्लाला नाही. बेंझाल्डिहाइड टॉलन्सला होकार देतं, फेहलिंगला नाही. अमाइडला लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड दिलं तर कार्बन तेवढेच राहून अमाइन. ब्रोमिन आणि अल्कली दिली तर हॉफमन, एक कार्बन कमी. अ‍ॅनिलिनवर फ्रिडेल-क्राफ्ट्स होतच नाही, कारण अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड नायट्रोजनलाच पकडून बसतं.

अ‍ॅनिलिनच्या पानावर नायट्रेशनही लिहा, कारण तिथे पुस्तकाने आकडे दिलेत. अमिनो गट ऑर्थो-पॅराला पाठवतो, हे सगळ्यांना पाठ. तरी सरळ नायट्रेशन केलं तर पॅरा ५१ टक्के, मेटा ४७ आणि ऑर्थो जेमतेम २. एवढं मेटा आलं कुठून? आम्लात अ‍ॅनिलिन प्रोटॉन घेऊन अ‍ॅनिलिनियम होतं, आणि तो गट मेटाला पाठवतो. पॅराच हवं असेल तर आधी अ‍ॅसिटिलेशन करून अ‍ॅसिटानिलाइड, मग नायट्रेशन, मग हायड्रोलिसिस. नीटच्या सिलॅबसमध्ये प्रात्यक्षिकांचा भाग आहे, त्यात अ‍ॅसिटानिलाइड आणि पॅरा-नायट्रोअ‍ॅसिटानिलाइड बनवणं दिलेलं आहे. तो भाग बरेच जण उघडतही नाहीत. हे पान केलं की तो निम्मा होऊन जातो.

पुस्तकं

अप्पा बळवंत चौकात गेलं की चार जाडजूड पुस्तकं घेऊनच माणूस परततो. घेऊ नका. एनसीईआरटी, त्यातले धड्यामधले आणि धड्याखालचे प्रश्न, आणि जुने पेपर. बोर्डाचं पुस्तक बोर्डासाठी. जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात ती घ्या, पण नीटचा सिलॅबस २०२४ साठी कमी झाला. पॉलिमर आणि दैनंदिन जीवनातलं रसायनशास्त्र त्यातून गेलं. बोर्डाला पॉलिमर आहे, तेवढं तिथे करा. ड्रॉप घेतलेल्यांना बोर्ड नाही, त्यांनी त्या पानांवर संध्याकाळ घालवू नये.

खरंच आठवणीचंच असेल तर

काहींच्या वहीत दुसऱ्या प्रकारच्या खुणाच जास्त असतात, म्हणजे पुस्तक उघडलं की सुटतं. त्यांचं दुखणं आणि कीड एकाच जागी. बहुतेक वेळा त्यांनी एक धडा संपवून त्याच धड्याचे प्रश्न सोडवलेले असतात. अमाइन्सच्या धड्याखाली उत्तर अमाइनच असणार हे धड्याचं नावच सांगतं. मॉकमध्ये ते कुणी सांगत नाही. दर दिवशी वेगवेगळ्या धड्यांतले दहा-बारा प्रश्न मिसळून सोडवा, आधी पुस्तक न उघडता. सुरुवातीला मार्क आणखी पडतील. तेवढ्यावरून पद्धत बदलू नका.

बायोमॉलिक्युल्स याला अपवाद. तिथे ग्लुकोजच्या रिअ‍ॅक्शन्स सोडल्या तर बरंच काही सरळ लक्षात ठेवायचं आहे आणि बायॉलॉजीत अर्धं येऊन गेलेलं असतं. बायॉलॉजीच्या रिव्हिजनबरोबरच उरका.

आणि बायॉलॉजीचंच बोलायचं तर ३६० पैकी तुमचे तिथे ३०० च्या खाली येत असतील, तर वर लिहिलेलं सगळं पुढच्या महिन्यावर ढकला. ९० प्रश्न तिथे आहेत, उत्तरं पुस्तकातल्या ओळीत आहेत, आणि तिथला एक मार्क ऑरगॅनिकपेक्षा कितीतरी कमी वेळात मिळतो. तोवर ऑरगॅनिकला दिवसाचा अर्धा तास, तोही फक्त अकरावीच्या बाणांना.